घरचं ताट, लेखांक ५ : भाकरी आली की ताट बदलतं

मागच्या लेखांकात आपण मटकी आणि मुगाला मोड आणले. आता त्या उसळीबरोबर काय खायचं, हा पुढचा प्रश्न. पाव आणला तर उसळीचं रूपांतर मिसळीत होतं, मिसळीवर फरसाण येतं, फरसाणावर आणखी एक वाटी तर्री येते आणि मोडांसाठी घेतलेले दोन दिवसांचे कष्ट तेलाखाली बुडतात. त्याच उसळीशेजारी गरम भाकरी ठेवली, तर ताटात कच्चा कांदा येतो, ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी येते, वाटीभर ताक येतं. हे कुणी ठरवून करत नाही, भाकरीबरोबर ते आपोआप होतं.

या लेखमालेत मी वारंवार एकच गोष्ट सांगत आले आहे : घरातलं खाणं सुधारायचं असेल तर ‘हे बंद, ते बंद’ अशी यादी फ्रिजवर चिकटवू नका. एखादा पदार्थ आत आणा, त्याच्याबरोबर त्याचं गोत येतं. ब्रेड आला की लोणी, जॅम, सॉस, चीज मागोमाग येतात. भाकरी आली की पिठलं, मेथी, वांग्याचं भरीत, शेपू, घोळाना, आमटी येते. भाकरीला जॅम लावून कुणी खात नाही. म्हणून आठवड्यातून तीन-चार रात्री भाकरी, एवढा एकच बदल मला बाकी सगळ्या उपदेशांपेक्षा मोलाचा वाटतो.

आधी पोळीवरचा अन्याय दूर करते. ‘गहू सोडा’ असं सांगणाऱ्यांची सध्या लाट आहे, पण गव्हाच्या कणकेत वाईट काही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम कणकेत तंतूंचं प्रमाण साधारण ११ ग्रॅम आहे आणि ज्वारीत साधारण १०. म्हणजे दोघी बरोबरीच्या. खरी दरी आहे ती मैद्याशी : त्यात तंतू तीन ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. गिरणीतून आलेलं पीठ आपण बारीक मैद्याच्या चाळणीने चाळतो आणि कोंडा टाकून देतो, तेव्हा मैद्याच्या दिशेने दोन पावलं आपणच चालत असतो. चाळायचंच असेल तर खडे-कचरा निघेल इतपत मोठ्या भोकांची चाळणी पुरे.

मग ज्वारी-बाजरी कशासाठी? एक तर प्रत्येक धान्याची देणगी निराळी आहे. त्याच तक्त्यांत बाजरीत लोह गव्हापेक्षा बरंच जास्त, १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या वर आहे. नाचणीतलं कॅल्शियम तर ३६० मिलिग्रॅमच्या पुढे जातं, दुसरं कुठलंही रोजचं धान्य त्याच्या आसपास नाही. रोज तेच एक धान्य खाण्यापेक्षा चार धान्यं आलटून-पालटून खाल्ली तर हे सगळं वाट्याला येतं. आणि दुसरं, ज्वारी-बाजरीचं पीठ महिनोन्‌महिने पडून राहिलं तर चालत नाही. हा गुण मला फार मोठा वाटतो. जे अन्न लवकर बिघडतं, ते ताजंच खावं लागतं.

या बिघडण्याची कारणं समजून घेतली तर भाकरी निम्मी जमली म्हणून समजा. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे धान्याच्या मानाने भरपूर. दाणा अखंड असतो तोवर हा स्निग्धांश सुरक्षित राहतो. दळला की दाण्यातलीच विकरं त्याचं विघटन सुरू करतात, हवा लागते आणि आठवडा-दहा दिवसांत पीठ कडवट, खवट होतं. बाजरीची भाकरी कडू लागते म्हणून नाक मुरडणाऱ्या बहुतेकांनी ताज्या पिठाची भाकरी खाल्लेलीच नसते. ज्वारीचं पीठ इतकं लवकर कडवट होत नाही, पण त्याची विरी जाते. विरी गेलेलं पीठ कितीही मळा, गोळ्याला चीर पडते, थापताना कडा फाटतात आणि भाकरी उचलताना हातात तुकडे राहतात. दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. दुकानातलं पाकीटबंद पीठ कधी दळलंय, ही तारीख नीट पाहा. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत ‘आमच्याकडे भाकरी होतच नाही’ अशी तक्रार असते, तिथेही बऱ्याचदा हेच घडतं : पीठ समुद्र ओलांडून गोदामात थांबून घरी पोचेपर्यंत त्यातली विरी संपलेली असते.

म्हणून पीठ आणू नका, धान्य आणा. चौघांच्या घरात दोन किलो ज्वारी पुरे. निवडायची, अर्धा-पाऊण किलो गिरणीत द्यायची, आठ-दहा दिवसांत संपवायची, मग पुन्हा. उरलेली ज्वारी कोरड्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवली तर टिकते. पूर्वी वर्षाचं धान्य भरत, तेव्हा बोरिक पावडर चोळून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत होती. दोन किलोच्या हिशेबाने चाललं तर तिची गरजच उरत नाही.

गिरणीत एक गोष्ट सांगायला विसरायचं नाही : ‘ज्वारीवर ज्वारी दळा.’ गव्हाच्या पाठोपाठ जात्यात टाकली तर पहिलं पीठ गव्हाचंच मिसळून येतं. एरवी त्याने बिघडत नाही, पण घरात कुणाला सिलिॲक आजार असेल, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नसेल, तर तेवढी भेसळही त्रास देते. अशा घराने छोटी घरघंटी घ्यावी हे उत्तम.

ज्वारी कोणती घ्यावी? रब्बीची. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यात काळ्या खोल जमिनीत पावसाळ्याच्या शेवटी पेरलेली ज्वारी मुरलेल्या ओलीवर वाढते आणि कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा निघतो. मालदांडी हे तिथलं ओळखीचं नाव. मोहोळच्या संशोधन केंद्रात तिच्यातूनच निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही शेतात टिकून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. खरिपाच्या ज्वारीचं कणीस पावसात सापडलं की दाणा काळा पडतो, भाकरीची चव उतरते. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. उत्पन्न वाढलं, पोटं भरली, पण ‘हायब्रीड’ हा शब्द कित्येक गावांत आजही बेचव भाकरीचं दुसरं नाव आहे. त्यातच १९७२ चा दुष्काळ आला आणि परदेशी तांबडी मिलो ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या पिढीला ज्वारी म्हटलं की ते दिवस आठवतात. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले, सणाची पोळी रोजची झाली, आणि भाकरी गरिबीची खूण म्हणून मागे पडली. आज बाजारात चांगली ज्वारी गव्हाहून महाग मिळते, आणि संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. सन्मान परत आला याचा आनंद आहे. तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचला पाहिजे, एवढीच तळमळ आहे. शक्य असेल तिथे ज्वारी थेट शेतकऱ्याकडून किंवा महिला बचत गटाकडून घ्या.

आता प्रत्यक्ष भाकरी. ज्यांना येते त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. ज्यांनी कधीच केली नाही त्यांनी मात्र सावकाश वाचावा. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणजे कणकेला ताण देणारी ती चिवट जाळी नाही. तिचं काम आधणाचं पाणी करतं : उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. परातीत वाटीभर पीठ घ्या, मध्ये खळगा करा, चिमूटभर मीठ आणि खळखळतं पाणी घाला, चमच्याने कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसवेल इतकं निवलं की तळहाताच्या मुळाशी जोर देऊन रगडा. इथे घाई नको. पीठ लोण्यासारखं मऊ झालं आणि गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली नाही की मळणं पुरं झालं. परातीत कोरडं पीठ भुरभुरून गोळा ठेवा आणि बोटं जुळवून, हलक्या हाताने थापत फिरवा. भाकरी परातीत आपोआप गोल फिरायला लागली की समजा जमली. न जमल्यास पोळपाटावर लाटा, त्यात कमीपणा काही नाही. तापलेल्या तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या आणि तिच्यावर ओल्या हाताने पाणी फिरवा. पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, अशा क्षणी उलटा. उशीर झाला तर वर तडे पडतात. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजून घ्या आणि मग पहिली बाजू थेट आचेवर धरा. वाफ आत कोंडते, भाकरी टम्म फुगते, पापुद्रा सुटतो.

पहिले काही दिवस ती फुगणार नाही. न फुगलेली भाकरीसुद्धा आमटीत कुस्करून उत्तम लागते.

भाकरी घरातून गेली त्याला चव किंवा प्रतिष्ठा एवढंच कारण नव्हतं. पोळ्या सकाळी करून डब्यात भरता येतात, दुपारपर्यंत मऊ राहतात. भाकरी निवली की ताठ होते, म्हणून ती गरम-गरम वाढावी लागते, आणि त्यापायी घरातली एक बाई सगळ्यांचं जेवण होईतो तव्यासमोर उभी राहते. ‘पूर्वी बघा कसं सकस खायचे’ म्हणणाऱ्या पुरुषांनी हे विसरू नये. भाकरी परत आणायची तर ती थापणारे हात दोनाचे चार झाले पाहिजेत. मुलग्यांना, नवऱ्यांना हे शिकवणं हा माझ्या मते आहाराचाच भाग आहे. आणि ज्या दिवशी कुणालाच थापायला वेळ नसेल, त्या दिवशी सोलापूरची कडक भाकरी आहे. पापडासारखी कुरकुरीत, कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकणारी, डब्यात न्यायला सोयीची, दह्यात किंवा आमटीत भिजवून खायची.

थापण्याची कलाच नको असेल तरी ज्वारीची दारं बंद होत नाहीत. ज्वारीच्या पिठात किसलेला दुधी, कांदा, कोथिंबीर, तीळ घालून थालीपीठ लावा. पातळ भिजवून धिरडी काढा. विदर्भात उकडपेंडी करतात : पीठ तेलात खमंग भाजून, कांदा-मिरचीच्या फोडणीत, पाण्याचा हबका देत वाफवलेलं. मुलांच्या सकाळच्या खाण्याला नूडल्सऐवजी ती पंधरा मिनिटांत होते. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून उन्हाळ्यात खाव्यात. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात भज्जीबरोबर जी आंबील पितात, ती तर घरी आठवड्याला व्हायला हरकत नाही.

बाजरी मात्र थंडीतच. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगं, बोरं घातलेली लेकुरवाळी भाजी हे ताट ज्यांनी लावलं, त्यांना पोषणशास्त्र वेगळं शिकवायची गरज नव्हती. त्यात एक भर घालते. धान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही, जोडीला ‘क’ जीवनसत्त्व असेल तर जास्त मिळतं. म्हणून बाजरीच्या भाकरीबरोबर लिंबाची फोड, आवळा किंवा कोबीची कोशिंबीर असू द्या, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहातली टॅनिन लोहाला अडवतात. नाचणीचं सत्त्व बाळासाठी ठीक आहे, पण ते वस्त्रगाळ करताना कोंडा निघून जातो. मोठ्यांनी नाचणीची भाकरी किंवा आंबोळीच खावी.

मधुमेह असलेल्यांसाठी एक सावधगिरी. भाकरी हे औषध नाही. ज्वारीतही मुख्यतः स्टार्चच आहे आणि तीन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक भाकरी, दोन वाट्या भाजी, वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ असं प्रमाण धरा आणि महिन्याभराने आपल्या डॉक्टरांना तपासणीचे आकडे दाखवा. ज्यांनी आजवर तंतू फार कमी खाल्ले आहेत त्यांनी पहिल्या आठवड्यात अर्ध्या भाकरीपासून सुरुवात करावी, पाणी जास्त प्यावं, म्हणजे पोट जड होत नाही.

मुलं भाकरी खात नाहीत, असं पालक नेहमी सांगतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा करून बघा : कांदा, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद, वरून लिंबू. नाहीतर ताज्या, फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप-मीठ घालून द्या. पहिल्यांदा पूर्ण भाकरीचा आग्रह धरू नका, चतकोर द्या. पुढच्या वेळी तेच दुसरा चतकोर मागतील.

(पुढील आठवड्यात : फोडणीचं तेल – घाण्याचं की रिफाइंड, आणि मुळात किती?)