भूत असलं म्हणून भयकथा होत नाही

पॅरानॉर्मल रोमान्स (अलौकिक प्रेमकथा) म्हटलं की अनेकांना ती प्रेमाची फोडणी दिलेली भयकथा वाटते. मुखपृष्ठावर चंद्र, सुळे आणि तलवार असल्यावर तसं वाटणं साहजिकच. पण या प्रकारात कथेचा कणा प्रेम हाच असतो. राक्षस, शाप, शिकारी ही त्या दोघांमधली भिंत. मिसळीवर कांदा असतो म्हणून तिला कुणी कांद्याची भाजी म्हणत नाही, तसंच हे.

शेरिलिन केन्यन यांची २००२ ची ‘नाइट प्लेझर्स’ ही कादंबरी घ्या. कायरिअन हा प्राचीन ग्रीक सेनानी. सूडापायी आर्टेमिस देवीला आत्मा विकून तो ‘डार्क-हंटर’ झालेला आहे. माणसांचे आत्मे गिळणाऱ्या डायमनांना मारणं हे त्याचं काम. अमांडा हिशेबनीस, तिला हवं साधंसुधं आयुष्य. शुद्धीवर येतात तेव्हा दोघं एकाच बेडीत अडकलेले! मारामाऱ्या भरपूर आहेत, पण पान उलटायला लावणारा प्रश्न एकच: आत्माच नसलेल्या माणसाशी संसार कसा थाटायचा? या प्रकाराच्या रिवाजाप्रमाणे शेवटी त्यांचं जुळतं.

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ (१९९७-२००३) ही मालिका मात्र शेजारच्या घरातली, म्हणजे अर्बन फॅन्टसी (आजच्या शहरगावात घडणारी अद्भुतकथा). तिथेही शिकारी मुलगी रक्तपिपासू एंजलच्या प्रेमात पडते. पण दुसऱ्या पर्वाअखेर, त्याचा आत्मा नुकताच परतलेला असताना, जग वाचवण्यासाठी ती त्याच्या छातीत तलवार खुपसते. पुढची पाच पर्वं मालिका चालूच राहते.