साडेतीन सेकंदांचा कारखाना

मेलबर्न सेंट्रल हे भुयारी स्टेशन. सरकत्या जिन्यांनी वर आलं की माणूस थेट एका मॉलच्या पोटात निघतो, आणि समोर विटांचा जुना मनोरा उभा असतो. ५० मीटर उंच. त्याच्यावर ८४ मीटर उंचीचा काचेचा शंकू, कोंबडीवर टोपलं पालथं घालावं तसा. मुलाकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली आपल्याकडची मंडळी इथे हमखास फोटो काढतात. मीही काढला, आणि ‘जुनं धुराडं’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकूनही दिला.

ते धुराडं नव्हतं. कूप घराण्याने १८८९ मध्ये बांधून पुरा केलेला तो छर्रे पाडायचा कारखाना होता. ‘पाडायचा’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. बंदुकीच्या काडतुसात भरायचे शिशाचे बारीक छर्रे इथे साच्यात ओतत नसत की ठोकून घडवत नसत. ते अक्षरशः वरून खाली पाडत. मनोऱ्याच्या आत मधोमध जी पोकळी आहे, तीच यंत्र. भिंती, जिना, भट्टी हा सगळा त्या पोकळीचा सरंजाम.

लग्नाच्या मांडवामागे उभं राहून ज्याने आचाऱ्याला बुंदी पाडताना पाहिलंय, त्याला हा कारखाना निम्मा आधीच कळलेला असतो. झाऱ्यावर पीठ ओतायचं, झारा हलकेच आपटायचा, खाली थेंब टपटपतात. पीठ घट्ट झालं तर बुंदीला शेपट्या फुटतात, पातळ झालं तर ती चपटी होते. छर्रेवाल्याचं पीठ म्हणजे वितळलेलं शिसं, झारा भोकं पाडलेल्या लोखंडी तव्याचा, आणि कढईच्या जागी पायथ्याचं पाण्याचं पिंप. फरक अंतराचा. बुंदीला वीतभर पुरतं, शिशाला दहा-पंधरा मजले लागतात.

भोकातून सुटलेला थेंब स्वतःच गोल होतो. पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी सारखा आवळतो, आणि कमीत कमी पृष्ठभागात मावायचं तर गोलाशिवाय दुसरा आकार नाही. (चित्रातल्या थेंबाला वर शेंडी असते ती चित्रकाराची. पडणाऱ्या बारीक थेंबाला ती नसते.) प्रश्न एवढाच, की पाण्यावर आदळण्याआधी हा गोल निदान वरून तरी थिजला पाहिजे, नाहीतर आपटून त्याचा पापड होणार. ५० मीटर पडायला तीन-साडेतीन सेकंद लागतात. कारखान्याचं खरं काम तेवढ्या वेळात उरकतं. छर्रा जेवढा जाड, तेवढा थिजायला वेळ जास्त आणि तेवढी उंचीही जास्त. म्हणून बारीक माल मधल्या मजल्यावरून पाडत आणि जाड माल टोकावरून.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. मेलबर्नच्या मनोऱ्याला पायऱ्याही ३२७. निव्वळ योगायोग, पण शिशाचे ठोकळे घेऊन त्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या तर मला तो योगायोग वाटला नसता.

शुद्ध शिसं मात्र ऐकत नाही. हवा लागताच त्याच्यावर दुधासारखी साय धरते आणि ती साय थेंबाला धड गोल होऊ देत नाही. तो लांबोळा राहतो, शेपटी ठेवतो. त्यावर उतारा म्हणजे आर्सेनिक, तेही शेकड्याला एकापेक्षा कमी. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते ह्याचंच संयुग. जोडीला कडकपणासाठी अँटिमनी. म्हणजे विषात विष कालवून, भट्टीच्या धुरात उभं राहून हे काम चाले. मनोऱ्यांची वर्णनं वाचताना उंचीचे आणि विटांचे आकडे भरपूर सापडतात, झारा धरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांबद्दल अवाक्षर नसतं.

एवढा खटाटोप कशासाठी? एकच गोळी मारायची तर साचा पुरे. सांडशीसारखा दोन पाळ्यांचा साचा, वरच्या भोकातून शिसं ओतायचं, पाळ्या उघडून गोळी काढायची, देठ छाटायचा. सैनिक हे शेकोटीवरही करत. एका बारात तीन-चार गोळ्या घालायच्या तरी साचा चालतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात एक मोठी गोळी आणि तिच्या जोडीला तीन छोट्या, असं काडतूस गुळगुळीत नळीच्या बंदुकांत ठासत. पण उडत्या पाखरासाठीचा छर्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा. अमेरिकी मापातला साडेसात नंबरचा छर्रा घेतला तर एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, साडेतीनशेच्या आसपास दाणे बसतात. ते एकेक ओतून देठ छाटत बसलं तर एका बारापायी दिवस मोडेल. शिवाय सगळे सारखे आणि गोल हवेत. खड्डा पडलेला दाणा हवेत वाट सोडतो, आणि शे-दोनशे दाण्यांनी वाट सोडली की मधल्या रिकाम्या जागेतून पाखरू निघून जातं.

सतराव्या शतकात राजपुत्र रूपर्टच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत होती. चाळणीतून शिसं थोड्याच उंचीवरून पाण्यात पाडायचं. रॉबर्ट हुकने १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त तिची नोंद केली आहे. माल निघे, पण खळगे पडलेला. झारा होता, पिंप होतं. मधे उंची घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ते सुचलं ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सला. तो प्लंबर होता, आणि हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबमवरून आलाय. त्या काळचा प्लंबर नळाला वॉशर लावणारा नव्हे, छपरांचे पत्रे आणि पाइप शिशाचे घडवणारा कारागीर. त्याला, किंवा त्याच्या बायकोला, वितळल्या शिशाचा पाऊस पडताना स्वप्नात दिसला अशी दंतकथा आहे. दंतकथेचं सोडा, पुढे त्याने केलं ते जास्त नवलाचं. रेडक्लिफ हिलवरच्या स्वतःच्या राहत्या घराच्या डोक्यावर त्याने मनोरा चढवला, आणि खाली जमिनीतून थेट लाल वालुकाश्मातल्या गुहांपर्यंत विहीर खणली. वर चढून जेवढी उंची मिळाली नसती, ती त्याने खाली उतरून मिळवली. १७८२ च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळालं. पुढे हक्क विकून हातात आलेला पैसा त्याने क्लिफ्टनच्या कड्यावर विंडसर टेरेस ही घरांची ओळ बांधण्यात घातला. कड्याला आधार देणाऱ्या भिंतीनेच तो सगळा गिळला आणि वॉट्स दिवाळखोर झाला.

मग मनोरे सगळीकडे उठले. इंग्लंडात चेस्टरचा १७९९ चा अजून उभा आहे. १८०७ मध्ये अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली, तसा विलायती छर्रा तुटला आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात मनोरे चढले. त्यांतल्या एकात थॉमस स्पार्क्सचा भागीदार होता जॉन बिशप, क्वेकर पंथाचा. पाखरांसाठी छर्रे पाडायला त्याची हरकत नव्हती. १८१२ चं युद्ध पेटलं आणि मनोऱ्याचा माल माणसांसाठी जाऊ लागला, तेव्हा तो आपला हिस्सा सोडून बाहेर पडला. त्या मनोऱ्याभोवती आज मुलांचं खेळाचं मैदान आहे. बाल्टिमोरचा १८२८ चा मनोरा २३४ फुटांचा. त्याच्या कोनशिलेचा मान चार्ल्स कॅरलला मिळाला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेव्हा तो एकटाच हयात होता.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो टास्मानियातल्या टरूनाचा जोसेफ मॉयर. होबार्टजवळ १८७० मध्ये त्याने ४८ मीटरचा दगडी मनोरा बांधला. तिथे लावलेल्या शिलालेखात तो स्वतःच सांगतो: अभियंता मी, रचनाकार मी, सुतार मी, मुकादमही मीच, हाताशी गवंडी फक्त दोन, आठ महिन्यांत काम पुरं. आणि मग खरी पंचाईत. मनोरा झाला, पण छर्रे पाडायचं गुपित कुठे ठाऊक होतं? आर्सेनिक किती, आच किती, भोकं केवढी, हे ज्यांना येत होतं ते सांगत नसत. मॉयर पाडत राहिला, बिघडवत राहिला. ८ सप्टेंबर १८७० ला पहिला नीट छर्रा पडला. ही तारीख त्याने दगडात कोरून ठेवली. आठ महिने मनोऱ्याला लागले ह्याचं मला कौतुक नाही. आधी मनोरा आणि मग विद्या, ह्या क्रमाचं आहे.

पिंपातून काढलेला माल वाळवून निवडायची तऱ्हा तर फारच देखणी. उतरत्या काचेवरून छर्रे सोडायचे. गोल दाणा वेगाने घरंगळत येतो आणि पुढची फट उडी मारून ओलांडतो. वाकडा अडखळत येतो आणि फटीत पडतो, तिथून परत भट्टीत. तपासनिसाचा पगार वाचला. मग चाळणीने नंबर लावायचे आणि पिंपात ग्राफाइटसोबत घोळून चकाकी आणायची.

११ एप्रिल १९६१ ला लॉस एंजेलिसच्या लुई ब्लाइमायस्टरने एक पेटंट घेतलं. शिसं फक्त इंचभर उंचीवरून गरम पाण्यात सोडायचं आणि पाण्यातल्या उतारावरून घरंगळू द्यायचं. दाणा गोल निघतो. वॉट्सने विहीर खणून मिळवलेली उंची अशी एका फटक्यात बाद झाली. तरीही ब्रिस्टलकरांनी हट्ट सोडला नाही. रस्तारुंदीत १९६८ ला वॉट्सचा मनोरा पाडल्यावर त्यांनी पुढच्या वर्षी काँक्रीटचा नवा बांधला, आणि तो पुढे दोन तपांहून अधिक चालला. आता तिथे ऑफिसं आहेत.

शिशाचेच दिवस भरत आलेत. पाणथळीत पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात, ते पेषणीत झिजतात आणि पक्षी विषबाधेने मरतो. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचा छर्रा चालत नाही, युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागांवर तो वापरता येत नाही. त्या जागी पोलादी छर्रे आले.

मेलबर्नचा मनोरा आठवड्याला सहा टन माल देत असे. तोही बंद पडला १९६१ मध्येच, पण ब्लाइमायस्टरमुळे नव्हे. बंदुकांचे नवे कायदे आले आणि गिऱ्हाईक घटलं. पाडायला निघालेली ती इमारत १९७३ मध्ये वाचली. ग्रुपवरचं ‘धुराडं’ मी नंतर दुरुस्त केलं. तुम्ही गेलात तर आधीच नीट लिहा.