शिरोरेखा जोडा, मगच कापा

गणपती जवळ आले की बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या सजावटीच्या फाइली तपासायचं काम माझ्याकडे येतं. मखरावरची अक्षरं सनबोर्डची, म्हणजे पीव्हीसीच्या कडक फोमशीटची असतात. फ्लॅटबेड कटरचं टेबल खालून हवा खेचून शीट घट्ट धरतं. ३ मिलिमीटरची शीट सुरीने कापता येते. जाड शीटला राउटर लागतो. राउटरची बिट गोल असते, म्हणून ३ मिलिमीटरच्या बिटने आतला कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येचा गोल होणारच.

खरी गंमत आपल्या लिपीची आहे. इंग्रजी शब्दाची अक्षरं सुटी निघतात, एकेक मोजून चिकटवावी लागतात. 'मोरया' शिरोरेखेमुळे अखंड निघू शकतो. पण संगणकात शेजारची अक्षरं शिरोरेखेवर एकमेकांवर चढलेली असतात. फाइल तशीच पाठवली तर यंत्र त्या जोडांवरूनही फिरतं आणि शब्दाचे तुकडे पडतात. म्हणून आधी मजकुराच्या बाह्यरेखा करून त्या 'वेल्ड' करा. 'मंगलमूर्ती'चा अनुस्वार तरीही सुटाच राहतो. एवढासा तुकडा टेबल नीट धरत नाही. बारीक दांडीने तो शिरोरेखेला जोडा.

ही शीट लेझरवर मात्र कापू नका. पीव्हीसीत क्लोरीन असतं. जळताना निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसांना घातक असतो, यंत्रालाही गंजवतो.

शिवाय पीव्हीसी कुजत नाही. तेव्हा अक्षरांत साल घालू नका. नुसता 'मोरया' कापा, उत्सवानंतर पुसून जपून ठेवा. पुढच्या वर्षी बाप्पांबरोबर तोही पुन्हा येऊ दे.