मासे, दूध आणि कोड

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि करमाळा, माढा, इंदापूरच्या काठावरच्या गावांचं ताट पालटलं. ज्वारीच्या जिराईत रानात ऊस-केळी आली, गोठ्यात संकरित गाई आल्या, जाळ्यात चिलापी, कटला आणि रोहू आले. पहाटे डेअरीला दूध घालायचं आणि रात्री चिलापीचं कालवण करायचं, असं जगणाऱ्या या पट्ट्यातही एक धाक जुनाच आहे: माशावर दूध प्यायलं की कोड फुटतं. कालवणाच्या दिवशी नातवाच्या हातातला पेला आजी काढून घेते.

तिची माया खरी, पण या समजुतीला वैद्यकीय पुरावा नाही. मासा ज्यांनी कधी चाखला नाही, अशा घरांतही कोड होतं. जगात शंभरात एखाद्याला, फार तर दोघांना ते असतं आणि ते शिवल्याने लागत नाही.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींना शरीराच्याच रक्षक टी-पेशी शत्रू समजतात आणि मारतात. हल्ला चालू असताना त्वचा सीएक्ससीएल-१० नावाचं प्रथिन सोडते. त्याच्या हाकेवर आणखी टी-पेशी तिथे येतात. कोड पसरत असलेल्या रुग्णांच्या रक्तातही हे प्रथिन वाढलेलं आढळतं. ही साखळी उलगडली म्हणूनच ती मध्येच तोडणारं रुक्सोलिटिनिबचं मलम कोडावर वापरात आलं. अमेरिकेत त्याला कोडासाठी जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

टी-पेशींची ही गफलत होण्याकडे कल कुणाचा, हे काही अंशी जनुकं ठरवतात. कोडाशी नातं असलेल्या जनुकीय जागा आजवर पन्नासच्या आसपास सापडल्या आहेत. बहुतेक प्रतिकारशक्तीच्या कारभारातल्या आहेत. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते टायरोसिनेज हे रंग बनवणारं जनुक. त्याच्या ज्या रूपामुळे कोडाचा धोका वाढतो, त्याच रूपामुळे मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

जनुकांचं नाव निघालं की गावात पहिला प्रश्न लग्नाचा येतो. थोरल्याच्या ओठावर डाग दिसला की धाकटीचं जमत आलेलं स्थळ मोडतं; ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ एवढं एकच वाक्य पुरतं. आता आकडे पाहा. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत कोड होण्याचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास आहे. जुळी, अगदी एकसारखी भावंडं घेतली, म्हणजे जनुकं जवळपास तीच, तरी एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते असण्याचं प्रमाण एका मोठ्या अभ्यासात २३ टक्केच निघालं. म्हणजे उरलेल्या ७७ टक्के जोड्यांत दुसरं भावंड डागाविना राहिलं. एवढ्या आधारावर एखाद्या मुलीचं लग्न मोडणं हा उघड अन्याय आहे.

जनुकांपलीकडेही कारणं आहेत. खरचटल्या-भाजल्या जागी नवा डाग उठू शकतो. म्हणून बावचीचं तेल चोपडून उन्हात बसणं धोक्याचं. फोड आला तर त्यातून डाग वाढतो. टिकलीचा गोंद आणि रबरी चपलेचा पट्टा यांतल्या काही रसायनांनीही रंग जातो.

कोडाभोवतीच्या भीतीला उत्तर देणारी माणसंही आहेत. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभी करून कोड असलेल्यांना एकत्र आणलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट २००६ साली आला, तोही कोड असलेल्या एका डॉक्टर तरुणीचा.

रुग्णाने रक्ताचं काय तपासावं? जनुकीय चाचणीवर पैसे घालवायचं कारण नाही. थायरॉइड मात्र तपासायलाच हवं, कारण कोड असलेल्यांत थायरॉइडवर असाच हल्ला होण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यासाठी टीएसएच आणि अँटी-टीपीओ या चाचण्या आहेत. डॉक्टर गरजेप्रमाणे बी-१२ आणि साखरही पाहतात. डाग नवा असतानाच सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाचा त्वचाविभाग गाठावा. रंग बहुधा केसांच्या मुळातून परततो, म्हणून चेहरा लवकर भरतो, तर ओठ आणि बोटांची टोकं फार वेळ घेतात. तिथे औषध लागू पडत नाही असं समजून ते मध्येच सोडू नये.