रुनिटचा घुमट

अणुशक्तीचा विषय निघाला की वीज किती मिळेल आणि कितीला पडेल, याचीच चर्चा होते. मागे राहणाऱ्या विषारी कचऱ्याचे काय, हा प्रश्न शेवटी येतो. आम्हां बेटवासीयांनी मात्र तो आधी विचारावा. प्रशांत महासागरातील मार्शल बेटांवर काय घडले ते पाहा.

तेथील एनिवेटॉक या प्रवाळबेटावर अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात ४३ अणुस्फोट केले. तत्पूर्वी, डिसेंबर १९४७ मध्ये, तेथील लोकांना उजेलांग बेटावर हलविले होते. ते परतले १९८० साली. आईच्या कडेवर बसून गेलेले मूल तेहतीस वर्षांचे होऊन आले!

त्यांच्यासाठी १९७७ पासून सुमारे चार हजार सैनिकांनी सफाई केली. खरवडलेली दूषित माती रुनिट नावाच्या लहान बेटावर, १९५८ च्या एका स्फोटाने पडलेल्या खड्ड्यात भरली आणि वर काँक्रीटच्या ३५८ लाद्यांचा घुमट बांधला. खड्ड्याच्या तळाला मात्र काहीच घातले नाही. प्रवाळ म्हणजे भोकाभोकांचा दगड; भरती-ओहोटीबरोबर पाणी त्यातून आतबाहेर करते. आपल्या गावचा साधा गवंडीसुद्धा पाण्याची टाकी अशी बांधणार नाही.

आत प्लुटोनियम आहे. ते निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. आपले पूर्वज कोकणातून मॉरिशसला आले, त्याला अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

घुमट कोसळण्याचा तात्काळ धोका नाही, असे अमेरिकी सरकारच्या २०२० च्या अहवालात म्हटले आहे. शिवाय घुमटात आहे त्याहून कितीतरी अधिक प्लुटोनियम बाहेर, कड्याआतील समुद्राच्या तळाशी पडले आहे, असेही तज्ज्ञ सांगतात. यात समाधान कोणते मानायचे, ते आम्हांला उमगत नाही.

हा कचरा बॉम्बचा, विजेचा नव्हे, हे खरे. पण प्लुटोनियम वीजकेंद्राच्या भट्टीतही तयार होते. फिनलंडने त्यासाठी ओन्कालो येथे ४०० मीटरहून खोल, पक्क्या खडकात भुयार खोदले आहे. प्रवाळबेटावर असा खडक कुठून आणावा?

आता घुमटाची जबाबदारी कोणाची, यावर वाद आहे. अमेरिका १९८६ च्या कराराकडे बोट दाखवून ती मार्शल बेटांच्या सरकारची म्हणते. त्या सरकारला हे मान्य नाही. एनिवेटॉकचे लोक दक्षिणेकडील बेटांवर राहतात. रुनिटवर वस्ती करण्यास आजही मनाई आहे.