लाल देवळाची दिशा

पुण्याच्या लष्कर भागात, मोलेदिना रस्त्यावर, लाल विटांचा 90 फूट उंचीचा एक मनोरा उभा आहे. टोकदार कमानी, मनोऱ्यावर लंडनहून आणलेले घड्याळ. नवख्या माणसाला ते इंग्रजांचे चर्च वाटते. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. आहे मात्र ते ज्यूंचे सिनेगॉग, ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे दाविदाचा तंबू. बगदादहून 1832 साली मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतले. 1863 ते 1867 ही त्याच्या बांधकामाची वर्षे आणि आराखडा रॉयल इंजिनिअर्सच्या हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. चर्चच्या वेषातले सिनेगॉग आणि त्याला देऊळ हे नाव, अशा तिहेरी सरमिसळीची गंमत वाटून आपण पुढे जातो. माझे म्हणणे असे की यात सरमिसळ नाहीच. इमारतीची शैली ही धर्माची खूण असते, हा समज एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने रूढ केला. लाल देऊळ त्या समजाबाहेर उभे आहे आणि युरोपातल्याच त्याहून जुन्या रीतीशी त्याचे नाते आहे.

ती जुनी रीत पाहायची तर प्रागला आणि टोलेडोला जावे लागते. प्रागचे ‘जुने-नवे’ सिनेगॉग तेराव्या शतकातले आहे आणि अस्सल गॉथिक आहे. त्या काळी त्या शहरातल्या गवंड्यांना जी बांधणी येत होती, तीत ते बांधले गेले. त्याच्या छताच्या कमानींना नेहमीच्या चार फासळ्यांऐवजी पाच आहेत. क्रूसाची आकृती टाळण्यासाठी पाचवी घातली असे परंपरेने सांगितले जाते. काही अभ्यासक तिचे कारण बांधकामाच्या सोयीत शोधतात. टोलेडोमध्ये आज ‘सांता मारिया ला ब्लांका’ या नावाने ओळखली जाणारी वास्तू मुळात सिनेगॉग होती. तिच्यातल्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी स्पेनमधल्या मुसलमानी बांधकाम-परंपरेतल्या आहेत आणि पुढे ती चर्च झाली. तीन धर्मांचा माग एकाच छताखाली सापडतो, आणि कमान मात्र त्या गावच्या कारागिराची. खुद्द टोकदार कमानही ख्रिस्ती युरोपची उपज नाही. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती नवव्या शतकात दिसते. पॅरिसजवळ सेंट डेनिसच्या चर्चमध्ये गॉथिक शैली आकाराला आली ती 1144च्या सुमारास. लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन तर गॉथिक शैलीचे मूळ अरबांकडेच आहे असे मानत असे.

मग ही शैली ‘ख्रिस्ती’ कधी ठरली? इंग्लंडमध्ये ऑगस्टस प्युजिन यांनी 1841 साली आपल्या पुस्तकाच्या नावातच टोकदार वास्तुकला आणि ख्रिस्ती वास्तुकला यांना एक केले. नेमक्या त्याच काळात मध्य युरोपातल्या ज्यूंना हळूहळू नागरी हक्क मिळत होते. शतकानुशतके त्यांची प्रार्थनास्थळे आडबाजूला राहिली होती. लंडनचे 1701चे बेव्हिस मार्क्स सिनेगॉगसुद्धा गल्लीतून आत गेल्यावर अंगणात भेटते. आता दर्शनी रस्त्यावर बांधण्याची मुभा मिळाली आणि बांधायचे कोणत्या रूपात, हा प्रश्न उभा राहिला. बुडापेस्टमध्ये 1859 साली आणि बर्लिनमध्ये 1866 साली पूर्ण झालेली भव्य सिनेगॉग मूरिश थाटाची आहेत, जणू शेजाऱ्यांना सांगावे की आम्ही पूर्वेकडचे. हॅनोव्हरचे वास्तुकार एडविन ओप्लर यांना हे मान्य नव्हते. जर्मन ज्यूने जर्मन शैलीतच बांधावे असे म्हणून ते रोमनेस्ककडे वळले. दोन्ही बाजूंनी शैली म्हणजे ओळखपत्र हे गृहीतच धरले होते. ओप्लर यांनी हॅनोव्हरमध्ये बांधलेले सिनेगॉग नाझींनी नोव्हेंबर 1938 मध्ये जाळले. जर्मन रूप घेतल्याने त्याला संरक्षण मिळाले नाही, ही गोष्ट मला या सगळ्या वादातली सर्वांत जड वाटते.

या पार्श्वभूमीवर 1863 सालचे पुणे पाहावे. डेव्हिड ससून यांनी भायखळ्यात थोडीच वर्षे आधी मागेन डेव्हिड हे सिनेगॉग उभारले होते आणि त्याचे रूप अभिजात शैलीचे, खांबांचे आहे. पुण्यात तेच घराणे गॉथिककडे वळले. म्हणजे एक शैली धर्माची म्हणून धरून ठेवावी, असे त्यांना वाटले नव्हते. यावर रास्त आक्षेप येतो: निवड ससून यांची कसली, ती तर विल्किन्स यांची. सरकारी इंजिनिअरच्या हाताला जे वळण होते तेच कागदावर उतरले. शिवाय राज्यकर्त्यांच्या शैलीत बांधणे ही राजनिष्ठेची जाहिरातच होती. यात तथ्य आहे. लाल देवळाबरोबरच 1867 साली लष्करातले सेंट पॉल चर्च पूर्ण झाले, पॅरिसच्या ‘सेंत शापेल’च्या धर्तीवर, पुढे मुंबईचे सचिवालयही विल्किन्स यांनी गॉथिकमध्येच बांधले. ससून 1853 साली ब्रिटिश प्रजाजन झाले होते, त्यांची संपत्ती कापसाबरोबर अफूच्या व्यापारातून आली होती आणि तो व्यापार इंग्रजी सत्तेच्या छत्राखाली चालत होता. हे विसरून या मनोऱ्याचे कौतुक करता येणार नाही. पण राजनिष्ठेने बाहेरच्या रूपाचा उलगडा होतो. आत शिरल्यावर तो पुरत नाही.

आतली मांडणी चर्चची नाही. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट, म्हणजे हेखाल, जेरुसलेमच्या दिशेला हवे. युरोपात ती दिशा पूर्व. चर्चची वेदीही परंपरेने पूर्वेलाच, त्यामुळे तिथे दोन्ही धर्मांचे तोंड एकाच बाजूला येते. भारतातून जेरुसलेम पश्चिमेला आहे. तेव्हा गॉथिक आराखडा पुण्यात आणला की त्याचा रोख उलटा होतो. वाचनाचा चौथरा दालनाच्या मध्यावर येतो आणि स्त्रियांसाठी वर सज्जा असतो. धर्माने आपले म्हणून जे काटेकोर राखले ते हे: दिशा, तोरा, बसण्याची रीत. कमानीचा आकार, विटेचा रंग हे धर्माने कारागिरावर सोडले. तो रंगही पुण्याला परका नव्हता. शनिवारवाड्याच्या तटाला खाली दगड आणि वर वीट आहे, त्याच्या दिल्ली दरवाज्याची कमान टोकदारच आहे. विल्किन्स यांना हे अभिप्रेत होते असा माझा दावा नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्याची सवय होती, एवढेच.

दुसरा आक्षेप नावाबद्दलचा. सिनेगॉगला देऊळ म्हणणे हे निव्वळ अज्ञान, असे कुणी म्हणेल. मुंबईचा दाखला याच्या विरुद्ध जातो. समाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली मांडवीत बांधलेले ‘शाआर हारहामीम’ हे मुंबईतले पहिले सिनेगॉग. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल स्वतःच आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत, आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. ज्यांचा धर्म, त्यांनीच शेजारचा शब्द घेतला होता. पुण्यातही नावे अशीच पडली. गुरुवार पेठेतल्या होली नेम चर्चला गाव पाण्याच्या हौदांवरून पंचहौद म्हणते, आणि सवाई माधवरावांनी 1792 साली दिलेल्या जागेवरचे नाना पेठेतले कॅथलिक चर्च आज ‘सिटी चर्च’ म्हणूनच ओळखले जाते. नाव देणाऱ्यांनी शैलीकडे पाहिले नाही. जिथे देवाला हात जोडले जातात ते देऊळ, आणि हे लाल आहे.

बेने इस्राएलांनी पुण्यात आपले वेगळे सिनेगॉग 1921 साली रास्ता पेठेत उभारले: ‘सुक्कथ शेलोमो’, म्हणजे शलोमोचा मांडव. त्याला ना मनोरा ना घड्याळ. दाविदाचा तंबू आणि शलोमोचा मांडव, एक गॉथिक, एक साध्या घरासारखे, आणि दोन्हीकडे प्रार्थनेला उभा राहणारा माणूस पश्चिमेकडेच तोंड करतो. डेव्हिड ससून यांनी मनोरा पुरा झालेला पाहिला नाही. 7 नोव्हेंबर 1864 रोजी ते पुण्यातच वारले. त्यांची समाधी लाल देवळाच्याच आवारात आहे.