तिसऱ्या प्रौढाचे भाडे
फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत खोलीचा दर साधारणपणे 2 प्रौढांसाठी असतो. त्याच खोलीत 18 किंवा अधिक वयाची तिसरी व्यक्ती राहिली की प्रत्येक रात्रीसाठी जादा आकार लागतो. 17 वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नाही. टॉवेल, पाणी, साफसफाईचा खर्च वाढतो, असे समर्थन कोणी करेल. पण 17 वर्षांचा मुलगा पाणी कमी वापरतो थोडेच! माझ्या मते हा आकार खर्चावर नव्हे, तर प्रौढ माणूस पैसे देऊ शकेल या गृहीतकावर बेतलेला आहे, आणि आजीआजोबांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना तो अधिक जाचतो. मग तो टाळण्यासाठी आरक्षणात एखादे नाव लपवावे का? मुळीच नाही. खोलीतील माणसांची मर्यादा अग्निसुरक्षेशीही निगडित असते. आत नेमके कोण आहे याची नोंद असणे आपल्याच हिताचे. त्यापेक्षा आरक्षणापूर्वी सगळ्या रात्रींचा जादा आकार मोजून तो दुसऱ्या खोलीच्या भाड्याशी ताडून पाहावा.